डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, काय लावू?

प्रश्न: वय ३२, रोज स्कूटीवरून सात रस्ता चौकातून होटगी रोडला कामाला जाते, आपल्या सोलापूरचं ऊन तर माहितीच आहे, हसले की डोळ्यांच्या कडेला रेषा दिसायला लागल्यात. टेन्शन आलंय खरंच.

उत्तर: ताई आधी सनस्क्रीन, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याच्या वरचं, उन्हात असाल तर दर २ तासांनी परत लावायचं. नुसत्या स्कार्फवर राहू नका, उन्हातली यूव्हीए किरणं त्वचेत आत जाऊन कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रोटीन) तोडतात, ढग असले तरी.

उत्तर: रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं क्रीम), वाटाण्याएवढंच, सुरुवातीला आठवड्यातून २ वेळा, फरकाला महिने लागतात. प्रेग्नंट असाल किंवा प्लॅनिंग असेल तर अजिबात नको!

उत्तर: आणि लिंबू चोळू नका प्लीज, उन्हात गेलं की चट्टे उठतात.