रोहू, मरळ, चिलापी सगळ्यांना एकच लाइन चालते का? मोनो घेऊ की ब्रेड?

तळ्यावरचा_नवखा

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत बांबूच्या काठीला तंगूस बांधून चिलापीच पकडत होतो, आता पहिल्यांदाच रॉड आणि ३००० साइजचं स्पिनिंग रीळ घेतलंय. रिळावर आधीच भरून आलेली जी लाइन आहे ती स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन बाहेर पडते आणि परवा एक बरा रोहू लागला होता तो गाठीपाशीच तोडून गेला. म्हणून लाइन बदलायचीय पण जितक्या लोकांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली, एक म्हणतो मोनो (एकच अखंड धागा), एक म्हणतो ब्रेडच टाक (बारीक धागे विणलेली), तिसरा म्हणतो फ्लोरोकार्बन टाक माशाला दिसतच नाही.

मला मिळणारे मासे म्हणजे तळ्यात रोहू, कटला, मृगळ (साधारण २ ते ५ किलो, कधीतरी मोठा कटला), कडेच्या गवतात आणि कमळात मरळ, आणि पोरांना घेऊन गेलो की चिलापी. पुढेमागे नदीवर महसीरसाठी जायचंय. तर एकच लाइन सगळ्यांना चालेल का? आणि ५ किलोच्या माशाला ५ किलोचीच लाइन लागते का, ०.३० एमएम आणि १२ एलबी यातलं नेमकं बघायचं काय हेही कुणीतरी सांगा.

बोया_बुडाला

ब्रेड. २० एलबी. विषय संपला. लांब जाते, बारीक असते, मासा नुसता हुंगून गेला तरी हाताला कळतं. मोनो आता कोण वापरतं

जुना_तंगूस

मी वापरतो की. आणि तळ्यावर रोहू कटला करणारे बरेच जण वापरतात, त्याला कारण आहे.

नवखेभाऊ, आधी माशाचं वजन डोक्यातून काढा आणि त्याचं तोंड बघा. रोहू-मृगळाचं तोंड खाली वळलेलं आणि मऊ, मृगळ तळाशी आणि रोहू बहुतेक मधल्या पाण्यात चोखत चोखत खातात. कटल्याचं तोंड मोठं, वर वळलेलं, तो वरच्या आणि मधल्या पाण्यात चरतो, पण तोंड त्याचंही मऊच. असा मासा लागल्यावर पहिली जी धाव मारतो किंवा काठाजवळ आल्यावर डोकं झटकतो ना, तेव्हा लाइन थोडी ताणली गेली पाहिजे. मोनो म्हणजे साधं नायलॉन, तुटेपर्यंत साधारण २०-२५ टक्के ताणतं. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, मग तो सगळा झटका जातो गळावर आणि गळ ओठ फाडून बाहेर येतो. लोक म्हणतात मासा निसटला, निसटला कसला, आपणच ओरबाडून काढला.

म्हणून कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावून बसायचं असेल तर ०.३० ते ०.३५ मोनो, म्हणजे १२ ते १६ एलबीच्या आसपास. मोठे कटले येत असतील तर ०.४०. त्यापुढे जायची तळ्यात गरज नाही, जाड लाइन पाण्यात दिसतेही आणि लांब जातही नाही.

एमएम आणि एलबीचं म्हणाल तर एलबी म्हणजे पाउंड, १ पाउंड = साधारण ४५० ग्रॅम, त्यामुळे १२ एलबी म्हणजे साडेपाच किलोच्या आतबाहेर. पण तो आकडा कंपनी टाकते आणि प्रत्येक कंपनीचा हात सैल. एकाच्या ०.३० वर १० लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या १८. मोनो घेताना मी तरी एमएम बघतो. आणि शक्य असेल तर कोरडी न तपासता ओली करून तपासावी, नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर थोडी ताकद कमी होते.

शेवाळवाट

रोहूचं वरती बरोबर सांगितलंय पण मरळीला मोनो लावून जाऊ नका हो.

मरळीचं डोकं म्हणजे नुसतं हाड. तिथे गळ रुतवायला जोरात हिसका द्यावा लागतो, आणि फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) पडलेला असतो लांब कमळाच्या पानांत, तेवढ्या अंतरावर मोनोचा ताणच तुमचा अर्धा हिसका खाऊन टाकतो. शिवाय मरळ लागली की पहिलं काम काय करते तर खाली गवतात घुसून देठांना गुंडाळून घेते. ब्रेड ताठ धरली तर बरीचशी पानं न् कोवळे देठ कापत बाहेर येते, मोनो असली की तुम्ही काठावर उभे आणि मासा गवतात, मधे गाठोडं. ३० ते ५० एलबी ब्रेड घ्या, मोकळं पाणी असेल तर २० पण चालेल. जास्त वाटेल पण ती ताकद माशासाठी नाहीचे, गवतासाठी आहे.

लीडर (लाइनच्या टोकाला गळाआधी जोडतात तो वेगळा तुकडा) म्हणाल तर दाट गवतात मी डायरेक्ट ब्रेडलाच फ्रॉग बांधतो, गाठ जितकी कमी तितकं शेवाळ कमी अडकतं. कुणाला लीडर लावायचाच असेल तर जाड मोनोचा आखूड लावा, फ्लोरोचा नको, फ्लोरो पाण्यात बुडतं आणि वर तरंगणाऱ्या फ्रॉगचं नाक खाली ओढतं.

आणि एक, लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसला तर तिथे फ्रॉग टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि ते चिडून हमखास मारतात, म्हणून लोक मुद्दाम टाकतात. आईबाप उचलले की पिल्लं तासाभरात दुसरे मासे फस्त करतात. विषयाला सोडून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बोया_बुडाला

@जुना_तंगूस काका मी पण रोहू काढतो ब्रेडवर, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) सैल ठेवला तर ओठ बिठ काही फाटत नाही. ताण ड्रॅगने द्यायचा, लाइनने कशाला

जुना_तंगूस

अरे तुझा हात बसलाय म्हणून. ड्रॅग सुटायला एक क्षण तरी लागतो, स्वस्तातल्या रिळात तर तो आधी अडकतो न् मग धक्क्याने सुटतो, तेवढ्यात काम झालेलं असतं. नवीन माणसाला मोनोची ती सवलत राहू दे की. तुझं म्हणणं चूक नाही, ब्रेडपुढे २-३ मीटर मोनोचा लीडर लावला तर तोही थोडा ताण देतो, पण एवढ्याशा तुकड्याचा ताण आणि पन्नास मीटर मोनोचा ताण यात फरक आहे ना.

पाणकणीस

फ्लोरोकार्बन माशाला दिसतच नाही हे जे सांगतात त्यांना माझ्याकडून नमस्कार 😄 दिसतं, फक्त कमी दिसतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा १.४२, नायलॉनचा दीडच्या पुढे. म्हणजे पाण्याच्या जवळ आहे, पाणी नाहीये. गढूळ तळ्यात याचा काडीचा फायदा नाही. स्वच्छ पाण्यात, ट्राउटसारख्या नजरेने तेज माशाला मात्र फरक पडतो, तिथे ४ ते ६ एलबीचा बारीक फ्लोरो लीडर चांगला.

फ्लोरोचा खरा गुण म्हणजे दगडावर घासून सहजी तुटत नाही, पाणी पीत नाही, आणि बुडतो. तळाशी सरपटणारं आमिष चालवायचं असेल तर बुडणं कामाचं. पण पूर्ण रीळ फ्लोरोने भरायच्या फंदात पडू नका, ताठ असतो, स्पिनिंग रिळावरून उड्या मारत सुटतो. मीटर दोन मीटर लीडर पुरे.

आणि चिलापीला कुणी काही बोललंच नाही, गरीब बिचारी. ०.१६ ते ०.२० मोनो, ४-६ एलबी, बारीक गळ, गांडुळाचा छोटा तुकडा, हलका बोया. जाड लाइन लावली की आमिष कडक लटकतं आणि ती नुसती कुरतडून जाते. पोरांना ब्रेड देऊ नका, बोटं कापते, अडकली की हाताला गुंडाळून ओढायचा मोह होतो आणि मग रक्त.

गाठ_पक्की

सगळ्यांनी लाइन सांगितली पण नवखेभाऊंचा रोहू तर गाठीपाशी तुटलाय, त्यावर कुणीच बोललं नाही. लाइन जुनी असेलही, नायलॉन उन्हाने खराब होतं न् वर्षानुवर्षं रिळावर पडलं तर वेटोळं धरतं, ते काढून टाकाच. पण नवी लाइन घेऊन तीच गाठ मारलीत तर तेच होणार. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि तिथेच लाइन कमजोर होते, फ्लोरोला तर हे फारच लागू. मोनोला क्लिंच किंवा युनी चालते. ब्रेडला साधी क्लिंच मारू नका, गुळगुळीत असल्याने सरकते, पालोमार मारा. ब्रेडला लीडर जोडायचा तर डबल युनी शिका, सोपी आहे. एफजी गाठ त्याहून बारीक आणि गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) अलगद जाते पण आधी घरी बसून सराव करा, काठावर वाऱ्यात जमत नाही.

आता तुमचा ५ किलोचा प्रश्न. मासा पाण्यात असतो, उचललेला नसतो, त्यामुळे ५ किलोच्या माशाला ५ किलोची लाइन हा हिशोबच लागत नाही. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवायचा. १२ एलबी लाइन असेल तर दीड किलोच्या आसपास. लाइनचं टोक वजनकाट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा, दीड किलोला रीळ सुटायला लागलं की झालं. मग मोकळ्या पाण्यात ८ किलोचा कटला लागला तरी तो पळेल, दमेल, परत येईल. मोकळ्या पाण्यात म्हणतोय हां, खोडं बुडालेली असतील तिथे पळू देऊन चालत नाही, तिथे लाइनच जाड हवी.

ब्रेड भरताना खाली स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर लाइन गुंडाळतात त्यावर) आधी थोडी मोनो गुंडाळा. नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सगळीच्या सगळी गरकन फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग धरत नाहीये. शिवाय २० एलबी ब्रेड ही साधारण ६ एलबी मोनोइतकीच बारीक असते, रीळ पूर्ण भरायला ढीगभर लागेल, खाली मोनो टाकली की पैसे वाचतात. स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा, काठोकाठ भरलं की वेटोळ्यांचा गुंता बाहेर येतो.

तळ्यावरचा_नवखा

बाप रे, एवढं सगळं! मंडळी खरंच आभार. गाठ मी कोरडीच ओढत होतो. म्हणजे एकच लाइन सगळ्याला चालणार नाही असं दिसतंय, मग दोन रीळं घेऊ का? आणि महसीरचं राहिलं.

शेवाळवाट

दुसरं रीळ कशाला, त्याच रिळाचा जादा स्पूल मिळतो का बघा. एकावर ०.३० मोनो रोहू-कटल्याला, दुसऱ्यावर ३० एलबी ब्रेड मरळीला. बटण दाबून बदलता येतो. चिलापीसाठी ०.३० मोनोच्या पुढे हातभर बारीक लाइन बांधा, बास. नाहीतर तुमची बांबूची काठी आहेच की.

जुना_तंगूस

महसीर वेगळं प्रकरण आहे. जबड्याला दात नाहीत, दात घशात, पण ओठांची पकड जबर, हलका गळ सरळ करून टाकते. आणि लागली की प्रवाहाबरोबर खाली दगडांत सुटते, तिथे लाइन ताकदीपेक्षा घासण्याने जाते. ब्रेड दगडावर लगेच कापली जाते, म्हणून ३०-४० एलबी ब्रेड आणि पुढे दीड-दोन मीटर तेवढाच जाड फ्लोरो लीडर. रिळावर दीडशे-दोनशे मीटर तरी पाहिजे, त्यामुळे तुमचं ३००० तिथे लहान पडेल, ती वेळ आली की मोठं घ्या. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा, खरखरीत लागलं की तेवढा कापून नवी गाठ. बारीक लाइनवर तासभर खेळवत बसू नका, सोडायचा मासा असेल तर तो इतका दमतो की सोडून उपयोग नाही.

शिवड्याचंही (मोठ्या तोंडाचा, बिनखवल्याचा मासा) लक्षात ठेवा, मिळाला तर त्याच्या तोंडात बारीक दातांची कानस असते, ५०-६० एलबी मोनोचा फूट-दीड फूट लीडर लावला नाही तर घासून घासून तोडतो.

तळ्यावरचा_नवखा

स्पूल मिळतोय, बघितलं. एक शेवटचं, माझ्या रॉडवर ८-१७ एलबी असं छापलंय. मग ३० एलबी ब्रेड लावली तर रॉड मोडेल का?

गाठ_पक्की

ब्रेड लावली म्हणून मोडत नाही. तो आकडा बहुतेक वेळा मोनो धरून लिहिलेला असतो, ३० ची ब्रेड जाडीला ८ च्या मोनोएवढीच, गाइडमधून आरामात जाते. मोडतो तो ड्रॅग पूर्ण आवळून उभा रॉड ओढला की, कारण आधी तुटायची ती लाइन आता तुटत नाही. ड्रॅग अडीच किलोच्या वर नेऊ नका. आणि गळ खोडात अडकला तर रॉडने उचकटू नका, टोक सरळ गळाच्या दिशेला करा, ब्रेड लाकडाच्या दांडक्याला दोन-तीन वेढे मारा आणि दांडकं धरून मागे चाला. निघाला तर निघाला, नाही तर गाठीपाशी तुटेल. तुटलेली लाइन जी हाताशी येईल ती पाण्यात सोडू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते.

बोया_बुडाला

आणि मग सगळे ब्रेडवरच आले ना शेवटी 😎

जुना_तंगूस

रोहूला ये, बघू.