सातवीचा घरबसल्या अभ्यास, बजेट दोन हजार. काय घ्यावं?

कोयनाकाठची | ३ जुलै २०२१
मुलगी यंदा सातवीत, मराठी माध्यम, पाटण तालुका. घरात स्मार्टफोन एकच, तो सकाळी सातला हिच्या बाबांबरोबर कराडला जातो आणि दिवेलागणीला परत येतो. रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात, तीही पावसानं उघडीप दिली तर. १ तारखेपासून मागच्या इयत्तेच्या उजळणीचा सेतू अभ्यासक्रम सुरू झालाय, रोजची पानं ग्रुपवर येतात. गणितात ऋण संख्या आणि कंपासच्या रचना अडतात. वहीचे फोटो पाठवले की "स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा". हाताशी दोन हजार आहेत. टॅबचा हप्ता सुरू करू, छापील सराव पुस्तकं घेऊ, की आणखी काही?

मिरजमळा
टॅबच घ्या. आठ इंची अजिबात नको, दहा इंचीच. रॅम तीन जीबीच्या खाली घेतला तर मीटिंग चालू असताना पुस्तकाची पीडीएफ उघडली की अडकतो. सिमचा घ्या, नुसता वायफायचा तुमच्याकडं शोभेची वस्तू होईल. बारा-तेरा हजारांत चांगला येतो.

कोयनाकाठची
दादा, दोन हजार लिहिलंय.

मिरजमळा
हप्ता महिन्याला दोन हजारांच्या आतच बसतो की!

खडूफळा
ताई, आधी सेतू म्हणजे काय ते बघा, मग खरेदी. ४५ दिवसांचा आहे, मध्ये तीन चाचण्या, आणि भर मागच्या इयत्तेवर. म्हणजे आत्ता मुलीला सहावीचं पुस्तक हाताशी लागणार. सातवीची गाईडं आज घेऊन फळीवर धूळ खातील. सहावीचं पुस्तक घरात नसेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे.

पुस्तकात धड्यांजवळ क्यूआर कोड असतो, तो दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. इथं बरेच पालक अडतात. पुस्तक त्याच फोनवर पीडीएफमध्ये असेल तर फोन स्वतःचाच पडदा कसा स्कॅन करणार? कोडच्या खाली सहा अक्षरा-अंकांचा एक संकेत छापलेला असतो, तो ॲपमध्ये टाइप करायचा. पहिल्यांदा मंडळ, माध्यम, इयत्ता निवडताना सहावी आणि सातवी दोन्ही टाका. कराडला चांगली रेंज असते तिथंच व्हिडिओ डाउनलोड करून घ्या, घरी नेट नसलं तरी चालतात.

तासगावी_बेदाणा
खडूफळा सरांचं बरोबर. दीक्षा ॲप टाका, क्यूआर कोड स्कॅन करा. फुकट आहे.

खडूफळा
तेच लिहिलंय हो वर.

गुण्या_ओळंबा
रचना चुकतात त्याला निम्म्या वेळा कंपास जबाबदार असतो. परीक्षा सोपी आहे: कोऱ्या कागदावर पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट एकमेकांत मिळाले नाहीत तर वरचा स्क्रू ढिला आहे, कंस काढता काढता त्रिज्या बदलते. घड्याळाच्या बारीक पेचकसानं आवळा. कंपास मिटवल्यावर सुईचं टोक आणि पेन्सिलीचं टोक एका पातळीत यायला हवं. पेन्सिल बोटभर आखूडच घालायची, लांब घातली की कंपास कलंडतो. आणि वही फरशीवर ठेवून रचना करू नका, सुई घसरते. खाली वर्तमानपत्राची जाड घडी घाला.

लंबदुभाजक काढताना त्रिज्या रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त हवी. ६ सेंमीच्या रेषेला ३ सेंमी घेतली की कंस नुसते टेकतात, छेदत नाहीत, आणि पोरं अंदाजानं रेघ ओढतात. ४ घ्या. सातवीत पुढं त्रिकोणाचे तिन्ही लंबदुभाजक येतात. विशालकोन त्रिकोणात ते त्रिकोणाच्या बाहेर मिळतात. तिथं मुलं "चुकलं" म्हणून खोडून टाकतात. चुकलेलं नसतं. कोनदुभाजक मात्र कायम आतच मिळणार.

तासगावी_बेदाणा
फोटोचं सांगतो. मुलांची अक्षरं फिकी असतात, कारण कंपासपेटीतली पेन्सिल कडक. दोन-बी घ्या, रेघ काळी येते. रात्री बल्बखाली काढू नका, फोनचीच सावली वहीवर पडते. सकाळी दाराच्या उजेडात, वही जमिनीवर, फोन वहीला समांतर धरून सरळ वरून. तिरका धरला तर वर्तुळ अंड्यासारखं दिसतं आणि ६० चा कोन ५० चा. तपासणाऱ्यानं काय करायचं? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

मिरजमळा
टॅबवर पेननं थेट लिहिता येतं, फोटोची भानगडच नाही. आमच्याकडं पेनासकट आहे.

खडूफळा
कंपास टॅबवर फिरवणार काय?

ऋण संख्यांचं राहिलं. सगळ्यात जास्त घडणारी चूक: "ऋण ऋण धन" हे पाठ झालेलं असतं आणि मुलं ते बेरीज-वजाबाकीतही लावतात. −४ − ३ चं उत्तर +७ लिहितात. तो नियम गुणाकार-भागाकाराचा. सहावीत संख्यारेषेवर उड्या मारायला लावा: −४ वर उभी राहा, डावीकडं तीन, −७. नियम सांगूच नका. सातवीचा गुणाकार आला की ही पट्टी उतरत्या क्रमानं लिहून घ्या: २ × (−५) = −१०, १ × (−५) = −५, ० × (−५) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर पाचानं वाढतंय. मग पुढची पायरी, (−१) × (−५), ती स्वतःच सांगेल.

आणि सरळव्याज. मुदत महिन्यांत दिली की घोळ. ५००० रुपये, ८ टक्के, ९ महिने: व्याज ३०० यायला हवं. ९ तसेच घातले तर ३६०० येतं. पाच हजारांवर नऊ महिन्यांत छत्तीसशे कोणती बँक देते, एवढं विचारलं तरी चूक सापडते.

जतचा_पंप
आमच्या सोसायटीला विचारा, घेते 😀

गुण्या_ओळंबा
पायथागोरसला टॅब नको, सुतळी लागते. बारा गाठींची सुतळी, ३-४-५ ताणली की काटकोन. गवंडी पाया आखताना हेच करतो.

आटपाडीचं_ऊन
बारा नाही, तेरा गाठी. बारा भाग पाहिजेत तर दोन्ही टोकं धरून गाठी तेरा.

गुण्या_ओळंबा
टोकं बांधून कडं केलं की बाराच.

आटपाडीचं_ऊन
मग "कडं करा" असं लिहायचं ना राव. आणि गाठी मारूच नयेत. प्रत्येक गाठ सुतळी खाते, कमी-जास्त आवळली की भाग सारखे राहत नाहीत. पट्टीनं मोजून दर १० सेंमीला पेनानं खूण करा. पोरीला ३०-४०-५० ची बाजू ताणायला लावा आणि उंबऱ्याचा कोपरा तपासायला सांगा.

विज्ञानाचं एक सांगून ठेवतो. सातवीत स्थितिक विद्युत आहे. कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग जुलैत पाटण खोऱ्यात होणार नाही. हवेतल्या ओलीनं प्रभार टिकतच नाही. पोरगी म्हणेल पुस्तक खोटं आहे. तो दिवाळीनंतर करा, नाहीतर चुलीजवळ कागद आणि कंगवा दोन्ही शेकून घेऊन लगेच करा.

खडूफळा
त्यापेक्षा पाऊसच मोजा. प्लॅस्टिकची गुळगुळीत, उभ्या बाजूंची बाटली घ्यायची. खाचा असलेली नको, खाचेत रुंदी बदलते आणि माप चुकतं. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तेच नसराळं. बुडाला खळगे असतात, म्हणून आधी सपाट भाग येईपर्यंत पाणी ओता आणि तिथं शून्य धरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. पत्र्याच्या पागोळ्यांपासून लांब ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी नोंद, मग पाणी पुन्हा शून्यावर. तुमच्याकडं झड लागली की दिवसातून दोनदा बघा, पट्टी पुरायची नाही.

आठवडाभराचे आकडे झाले की माण तालुक्यात दहिवडीकडचं कुणी नात्यातलं असेल त्यांच्याकडून तेच मागवा आणि जोडस्तंभालेख काढा, सातवीत तो आहेच. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माणात पाचशेच्या आसपास, हे स्तंभांत बघितलं की भूगोलाचा पर्जन्यछायेचा प्रदेश वेगळा पाठ करावा लागत नाही. प्रमाण मात्र दोन्ही स्तंभांना एकच. माणाचा स्तंभ बारका दिसतो म्हणून मुलं त्याला वेगळं प्रमाण घेतात.

जावळीचं_खोरं
इतिहासाला कुणी विचारतच नाही. १६३० ते १८१८, एका वर्षाला १ सेंमी, १८८ सेंमीची पट्टी. ए-चार कागदाच्या सात उभ्या पट्ट्या, चिकटवताना सेंमीभर एकावर एक. १६५६ जावळी, १६५९ प्रतापगड, १६७४ राज्याभिषेक, १७०८ साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक, १७६१ पानिपत. मुलं सगळ्या घटना सारख्या अंतरावर लिहितात, तिथं पट्टी लावायला सांगा. जावळी आणि प्रतापगड यांच्यात तीनच सेंमी!

कृष्णाकाठ_सांगली
आठवीच्या स्कॉलरशिपची तयारी आत्ताच सुरू करा. आत्ताच्या (२०२१) पद्धतीनं दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. आठवीला काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात, दोन्ही गोल रंगवले तरच गुण.

खडूफळा
मुलगी सातवीत आहे.

कृष्णाकाठ_सांगली
म्हणूनच म्हणतोय आत्ताच.

मिरजमळा
टॅब नको तर ३२ इंची टीव्ही घ्या, फोन जोडता येतो.

कोयनाकाठची | ६ जुलै २०२१
सगळ्यांचे आभार. ठरलं. टॅब नाही, सराव पुस्तकं नाहीत. हिच्या बाबांना तेराशेचा बटणाचा फोन घेतला. त्यांचं सिम त्यात, स्मार्टफोन आता दिवसभर घरात. त्यात नुसतं डेटाचं दुसरं सिम घातलंय. उरलेल्यात स्क्रूचा कंपास, दोन-बी पेन्सिली आणि सेतूच्या पानांच्या झेरॉक्स.

मिरजमळा
बटणाचा फोन? २०२१ सालात?

खडूफळा
व्हॉट्सॲप बाबांच्याच नंबरावर चालू राहील, सिम फोनमध्ये असायला सध्या (२०२१) लागत नाही. फक्त ॲप काढून पुन्हा टाकलं तर येणारा कोड बटणाच्या फोनवर जाईल, आणि तो फोन दिवसभर कराडला. तेव्हा ॲपला हात लावू नका. बँकेचा ओटीपीही तिकडंच येणार. व्यवहार असतील ते रात्री.

आटपाडीचं_ऊन
आणि सुतळीला गाठी मारू नका.

गुण्या_ओळंबा
कडं करून बाराच.