बॉन्डवर सही करू का? सोमवारी द्यायचाय

प्रेषक: मंदार, वेर्णा
गुरुवार, रात्री ११.४०

मंडळी,
संकष्टीला वहिनींकडे विषय निघाला होता, तोच. कागद आज हातात आला.

शनिवार-रविवारचं एमबीए, दोन वर्षं, फी सहा लाख. साठ टक्के कंपनी भरणार. बदल्यात कोर्स संपल्यावर तीन वर्षं सोडायचं नाही. सोडलं तर त्यांनी भरलेल्याच्या दुप्पट, वर अठरा टक्के व्याज. शिवाय सही केलेला कोरा चेक आणि बी.ई.चं मूळ सर्टिफिकेट एचआरकडे जमा.

एचआरवाला म्हणतो, सगळेच देतात. सोमवारी बाराच्या आत सही हवी, नाहीतर या वर्षीचं बजेट गेलं.

एमबीए कशाला हवंय, हे कृपया विचारू नका. घरी विचारून झालंय.

ता. क. आपल्या नाटकाच्या साऊंडचा मिक्सर माझ्याकडे नाही. चतुर्थीनंतर परत केलाय.

———

प्रेषक: वसंतकाका, बायणा
शुक्रवार, सकाळी ५.५५

मंदार, सही कर आणि झोप. तीन वर्षं म्हणजे काय रे? नव्या झुआरी पुलाची एक बाजू सुरू व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला, दुसरीला आणखी एक वर्ष. कुठ्ठाळीच्या रांगेत बसून तेवढं थांबलोच की सगळे.

एमबीए कशाला हे विचारत नाही. पण माणसं सांभाळणं वर्गात शिकवत नाहीत, एवढं लिहून ठेव. आमचा फोरमन सातवी पास. सकाळच्या चहाला लांब उभा राहून आज कोण कुणाशी बोलत नाही ते बघायचा आणि त्या दोघांना त्या दिवशी एका कामावर घालायचा नाही. तेहेतीस वर्षांत त्याच्या टोळीत भांडणापायी काम अडलेलं मी पाहिलं नाही.

मिक्सर तुझ्या गाडीच्या डिकीत बघितल्याचं कोणीतरी म्हणालं.

———

प्रेषक: शिल्पा, पर्वरी
शुक्रवार, दुपारी १.२०

काका, एवढ्यात झोपवू नका त्याला. मी एचआरमध्येच आहे. असे कागद बनवतेही आणि फाडतेही.

मंदार, चेक द्यायचा नाही. आकडा त्यांनी भरला तरी सही तुझी. न वटता परत आला की कलम १३८, म्हणजे फौजदारी. नोकरीचं भांडण पैशाचं राहू दे, त्यात तारखांना उभं राहायची वेळ आणू नकोस. मूळ सर्टिफिकेटही द्यायचं नाही. दाखव, झेरॉक्स दे, मूळ परत घेऊन ये. ‘सगळेच देतात’ असं आमच्याकडेही म्हणतात, आणि जो मागत नाही त्याचंच कपाटात राहतं.

‘बॉन्ड बेकायदाच असतो’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलचे दोन लाख वैध ठरवले. मात्र ‘दुप्पट अधिक व्याज’ लिहिलं म्हणून तेवढं मिळतंच असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण कोर्टापर्यंत जायचंच कशाला? आत्ताच बदलून घे.

खरी मेख ‘कोर्स संपल्यावर’ या दोन शब्दांत आहे. म्हणजे तू दोन अधिक तीन, पाच वर्षं अडकलास. आणि एक पेपर राहिला तर? कोर्स संपलाच नाही, घड्याळ सुरूच झालं नाही. तिथे तारीख घालून घे. दुसरं म्हणजे महिन्यागणिक वजावट. कंपनीचे ३,६०,००० आणि ३६ महिने, म्हणजे महिन्याला दहा हजार फिटले. दोन वर्षांनी सोडलंस तर एक लाख वीस हजार द्यायचे, सव्वासात लाख नव्हेत.

———

प्रेषक: अनघा, करिअर मार्गदर्शन उपसमिती
शुक्रवार, दुपारी ३.०५

सर्वांना नमस्कार. असे प्रश्न आधी उपसमितीकडे यावेत असं एप्रिलच्या सभेत ठरलं होतं, एवढंच नम्रपणे नमूद करते. कॅटवर, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेवर, व्याख्यान ठेवलं तेव्हा सहा जण आले होते, त्यातले दोघे बटाटेवड्यासाठी. (मंदार, तू त्या दोघांतला.)

आता विषय निघालाच आहे तर हा कोर्स पदवीचा आहे की प्रमाणपत्राचा? ‘एक्झिक्युटिव्ह’ शब्द लावून हल्ली काहीही विकतात. स्वायत्त संस्थेचा पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदविका) असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मान्यता बघ, आणि एमबीएशी समकक्षता हवी असेल तर विद्यापीठ संघाची (एआययू). ऑनलाइन असेल तर संस्था यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः उघडून बघ, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

———

प्रेषक: प्रसाद, मस्कत (पूर्वी वास्को)
शुक्रवार, सायं. ७.५०

कॅट वगैरे या वयात कशाला? त्याचा स्कोअर वर्षभरच चालतो. जीमॅट ही दुसरी प्रवेश परीक्षा दे, तिचा स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि नव्या परीक्षेत सव्वादोन तासांत मोकळा. एक वर्षाचं पूर्णवेळ कर, नोकरी सोड. मी ते केलं नाही, म्हणून सांगतो.

इथे चाळीस अंश. सुरमई मात्र चांगली मिळते.

———

प्रेषक: वसंतकाका, बायणा
शुक्रवार, रात्री ८.१०

सुरमईचं मस्कतवाल्यांनी आम्हाला सांगू नये.

———

प्रेषक: गिरीश, कुडचडे
शुक्रवार, रात्री १०.३०

शिल्पाताईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. तू सोडलंस तर काय ते कागदात आहे. त्यांनी तुला सोडलं तर?

मी खाणीच्या क्रशिंग प्लांटवर मेंटेनन्सला होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये बंदी आली आणि गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. सकाळी बेल्टचा स्प्लाइस (जोड) करत होतो, संध्याकाळी काम नाही. एका ट्रेनिंगपायी माझाही बॉन्ड होता, अठरा महिने बाकी. कंपनीने मला घरी बसवलं, आणि सहा महिन्यांनी मी दुसरीकडे लागलो तेव्हा बॉन्डची रक्कम मागणारं पत्र आलं! रक्कम शेवटी भरावी लागली नाही, पण वकिलाची फी गेली. तेव्हा ‘कंपनीने कमी केल्यास, युनिट बंद झाल्यास किंवा गोव्याबाहेर बदली केल्यास बॉन्ड संपला’ ही एक ओळ घालून घे.

त्याच रिकामपणात इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, एमबीए केलं. तेव्हा त्यांची प्रवेश परीक्षा, ओपनमॅट, द्यावी लागायची. पुस्तकं पोस्टाने यायची, बायको म्हणायची पगार आला असता तर बरं झालं असतं. बाकीच्या विषयांतलं फारसं आठवत नाही, पण कॉस्टिंगच्या पेपरने डोळे उघडले. घरासमोर माझा टिपर, खनिज वाहायचा ट्रक, उभा होता. ‘आज ना उद्या खाणी सुरू होतील’ म्हणत मी हप्ते भरत होतो, कारण आधी इतके भरले होते ना! गेलेला पैसा हिशेबात धरायचा नसतो हे कळलं त्या आठवड्यात टिपर विकला. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली तेव्हा शेजारी हसले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या, १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद, तेव्हा हसले नाहीत. मी आता वेअरहाऊस सांभाळतो. पाना हातात धरून किती वर्षं झाली.

———

प्रेषक: नितीन, म्हापसा
शनिवार, सकाळी ९.१५

कंपनीचे पैसे घेतलेच पाहिजेत असं कुठे आहे? शैक्षणिक कर्ज काढ. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, जुनी करप्रणाली ठेवलीस तरच. स्वतःच्या पैशांनी शिकलास की बॉन्डच नाही. मी बँकेत आहे म्हणून सांगत नाही.

———

प्रेषक: अनघा, करिअर मार्गदर्शन उपसमिती
शनिवार, सकाळी ९.४०

नितीन, बँकेत आहेस म्हणूनच सांगतोयस. असो, मुद्दा बरोबर आहे.

———

प्रेषक: मंदार, वेर्णा
शनिवार, रात्री १२.१५

काका, तुमच्या फोरमनला माझा नमस्कार. पण एमबीए कशाला ते सांगूनच टाकतो, नाहीतर रोज एकेक जण आडून विचारणार.

गेल्या वर्षी प्लांट थंड ठेवणारा जुना चिलर बदलायचा प्रस्ताव मी दिला. चार पानं. कॉम्प्रेसरची अवस्था, कंडेन्सरचं अ‍ॅप्रोच टेंपरेचर, किलोवॅट पर टन (टनभर थंडाव्याला लागणारी वीज) ०.९ झालंय, नव्याला ०.६ येईल, सगळं ग्राफसकट. जीएमने पहिलं पान बघितलं आणि म्हणाला, “चालतोय ना अजून?” मे महिन्यात तो चिलर रात्री दोनला ट्रिप झाला. क्लीनरूमचं तापमान चढत होतं, क्यूएची (गुणवत्ता विभागाची) मुलगी लॉगबुक घेऊन माझ्या डोक्यावर उभी, आणि मी सीझ झालेल्या कॉम्प्रेसरखाली तेलात बसलेलो. बॅच अडकली.

पुढच्या महिन्यात फायनान्सच्या पोराने तोच प्रस्ताव एका पानावर दिला. माझेच आकडे. सरासरी लोड २०० टन, म्हणजे ६० किलोवॅटची बचत, वर्षाला आठ हजार तास, युनिट सहा रुपये धरलं तर २८ लाख ८० हजार. चिलर ६५ लाखांचा, सव्वादोन वर्षांत वसूल. मंजूर. तो पोरगा पंचवीस वर्षांचा, चिलर गच्चीवर आहे की तळमजल्यावर हेही त्याला माहीत नव्हतं. राग त्याचा नाही आला. ते एक पान मला लिहिता आलं नाही, याचा आला.

प्रसाद, नोकरी सोडून पूर्णवेळ जमणार नाही. मुलगी दुसरीत आहे आणि फ्लॅटचा हप्ता आहे. नितीन, कर्जाचा हिशेब केला. हप्त्यावर आणखी एक हप्ता नको वाटतो.

शिल्पाताई, गिरीशबाब, तुमचे मुद्दे लिहून काढलेत. सोमवारी नऊलाच जातो.

———

प्रेषक: वसंतकाका, बायणा
रविवार, सकाळी ६.००

ग्राफ काढायला आमच्या फोरमननेही कधी सांगितलं नसतं. जा. पण शर्ट इस्त्रीचा घाल, प्लांटचा युनिफॉर्म घालून गेलास की समोरचा तुला पाइप गळतोय तिथे पाठवतो.

———

प्रेषक: मंदार, वेर्णा
सोमवार, दुपारी २.३०

झालं. चेक काढला, त्यासाठी दहा मिनिटंही लागली नाहीत. सर्टिफिकेट बघून परत दिलं. महिन्यागणिक वजावट मान्य, दुप्पट आणि व्याज दोन्ही गेले. गिरीशबाबची ओळ घातली, फक्त ‘गोव्याबाहेर बदली’ला ते तयार नव्हते, ते राहिलं.

घड्याळावर मात्र तासभर घासाघीस. ते ‘कोर्स संपल्यावर’ सोडेनात, मी ‘सहीच्या दिवसापासून’ सोडेना. शेवटी पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतरची तारीख आकड्यात घातली. पेपर राहिला तरी घड्याळ चालू. म्हणजे पाचाची चार वर्षं झाली. शिल्पाताईंना कमी वाटेल, पण माझ्याने तेवढंच ओढलं गेलं. एचआरवाला उठताना म्हणाला, “तुम्ही पहिलेच, कागद वाचून आलेले.” काका, इस्त्रीचा शर्ट होता.

आता शनिवार-रविवार गेले. पुढची दोन वर्षं नाटकाचं साऊंड माझ्याकडून होणार नाही. कोणीतरी घ्या.

———

प्रेषक: सचिव
सोमवार, दुपारी २.५०

मंदार, अभिनंदन. साऊंड घ्यायला तयार असलेल्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं. त्याआधी मिक्सर कुणाकडे आहे ते कळलं तर बरं.

———

प्रेषक: गिरीश, कुडचडे
सोमवार, दुपारी ३.१०

माझ्याकडे आहे. चतुर्थीपासून. कोणी विचारलंच नाही.