मदत हवी आहे: जुन्या सीडीतली .पीएमडी फाइल उघडेना

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या उत्सवाची २००४ सालची स्मरणिका एका सीडीत मिळाली आहे. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे आजोबांचा लेख आणि मानकऱ्यांची यादी आता एवढ्यातच उरली आहे. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशाने उघडू? एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक केल्यावर नावामागे .पीएमडी दिसलं. ज्यांनी डीटीपी केलं त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं.

भाचा म्हणाला, नाव बदलून .डॉकएक्स करा. कॉपीवर करून पाहिलं, पण वर्ड ती उघडत नाही. नाव बदलल्याने फाइल खरंच बदलते का? आणि आतला मराठी मजकूर कसा काढायचा?

प्रतिसाद १:
ही पेजमेकर ७ ची, म्हणजे डीटीपीच्या जुन्या प्रोग्रामची फाइल. ६.५ ची असती तर .पी६५ दिसलं असतं. एक्स्टेन्शन बघून विंडोज फक्त ठरवतं की फाइल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची. आतल्या मजकुराला त्याने काहीही होत नाही. एखाद्या .डॉकएक्सच्या कॉपीला .झिप नाव देऊन उघडा. आत 'वर्ड' फोल्डर आणि त्यात 'डॉक्युमेंट.एक्सएमएल' दिसेल, कारण ती मुळातच झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते. पेजमेकरची रचना निराळी, ती वर्डला कळणार नाही.
लिबरऑफिस (वर्डसारख्या प्रोग्रामांचा संच) फुकट आहे, ते टाका आणि त्यातल्या 'ड्रॉ'मध्ये फाइल उघडा. मांडणी थोडी हलेल, मजकूर बहुधा येईल.

प्रतिसाद २:
आधी सीडीवर .टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या फाइली शोधा! त्या काळी सगळं काम श्रीलिपीसारख्या, युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये व्हायचं. तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. फॉन्ट टाका, पीडीएफ करून ठेवा, मग त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरने युनिकोड करा. रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास गडबड होते. फोटो बहुतेक वेगळ्या .टिफ फाइलींत असतील, म्हणून पूर्ण फोल्डर कॉपी करा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. फॉन्ट सीडीवरच होता आणि 'ड्रॉ'मध्ये आजोबांचा लेख चक्क वाचता आला! यादीतली आडनावं मात्र युनिकोड करताना बिघडताहेत, 'कुर्डे'चं 'कुडे' होतंय. हा रफार नीट सांभाळणारा कन्व्हर्टर कुणी वापरला आहे का?