एचडी डीव्हीडी हरली, त्यात आपलं काय गेलं?

खडूस ग्राहक (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर पुन्हा तेच वाक्य वाचलं: "ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीच्या भांडणात निदान चांगलं तंत्रज्ञान जिंकलं, बीटामॅक्ससारखं झालं नाही." (बीटामॅक्स म्हणजे सोनीची व्हिडिओ कॅसेट; ती चांगली असूनही व्हीएचएस कॅसेटपुढे हरली असं म्हणतात.) म्हणून हा धागा. माझं मत नेमकं उलट आहे. ग्राहकाच्या सोयीची डिस्क हरली आणि स्टुडिओंच्या सोयीची जिंकली.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीव्हीडीच्या जागी यायला निघालेल्या दोन डिस्क. एचडी डीव्हीडीच्या बाजूला तोशिबा, एनईसी आणि मागाहून आलेली मायक्रोसॉफ्ट. ब्लू-रेच्या बाजूला सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक, पायोनियर, सॅमसंग अशी फौज. दोन्हीकडे निळा-जांभळा लेझर, दोन्हीकडे १०८० ओळींचं चित्र, पण एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरमध्ये चालणार नाही. २००६ मध्ये दोघंही बाजारात उतरले आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं हात टेकले.

आता सोय म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत राहणाऱ्या ज्यांनी ज्यांनी घरी येताना डीव्हीडी आणल्या त्यांना रीजन कोडचा जाच माहीत आहे. अमेरिका १, भारत ५, त्यामुळे पैसे मोजून घेतलेली डिस्क आईबाबांच्या प्लेअरवर लागेलच याची खात्री नाही. ब्लू-रेनं हेच दुखणं नव्यानं चालू ठेवलं: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. एचडी डीव्हीडीला रीजन कोडच नव्हता. कुठेही घ्या, कुठेही लावा.

शिवाय तिचे नियम पहिल्या दिवसापासून पक्के होते. प्रत्येक प्लेअरला नेटवर्कचं पोर्ट सक्तीचं, चित्रात चित्र दाखवायची सोय सक्तीची. ब्लू-रेवाले आधी प्रोफाइल (प्लेअरला काय काय जमायला हवं याची नियमावली) १.० विकून बसले, मग १.१ आलं, मग २.०. सुरुवातीला प्लेअर घेणाऱ्यांना नंतरच्या डिस्कवरच्या निम्म्या गमतीजमती दिसल्याच नाहीत.

आणि किंमत. अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे ९९९ ला. सांगा, यात चांगलं कोण?

भिंगवाला

धागा वाचून हात शिवशिवले. रीजन कोड, पोर्ट, प्रोफाइल हे सगळे कागदावरचे नियम झाले. ते बदलता येतात. डिस्कची बनावट नंतर बदलता येत नाही, आणि तिथे ब्लू-रे सरळसरळ पुढे होती.

दोघांचा लेझर एकच, ४०५ नॅनोमीटरचा. फरक भिंगात. एचडी डीव्हीडीचं न्यूमेरिकल अपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचं माप) ०.६५, ब्लू-रेचं ०.८५. प्रकाशाचा ठिपका याच्या प्रमाणात बारीक होतो, म्हणजे क्षेत्रफळात हा फरक वर्गानं पडतो. ०.८५ भागिले ०.६५, त्याचा वर्ग करा: साधारण १.७. आता क्षमता बघा. एका थरात एचडी डीव्हीडी १५ जीबी, ब्लू-रे २५ जीबी. हिशेब जवळजवळ जुळतो.

मग तोशिबानं मोठं अपर्चर का घेतलं नाही? कारण अपर्चर वाढवलं की डिस्क किंचित तिरकी झाली तरी ठिपका फिसकटतो. त्यावर उपाय एकच, माहितीच्या थरावरचं पारदर्शक आवरण पातळ करायचं. ब्लू-रेनं ते ०.१ मिलिमीटरवर आणलं. एचडी डीव्हीडी डीव्हीडीच्याच ०.६ वर थांबली, कारण मग डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्या फेरफारात वापरता येत होते. हा निर्णय कारखानदाराच्या सोयीचा, त्याला ग्राहकाची सोय कसं म्हणायचं?

०.१ मिलिमीटरचा तोटा होता, नाकारत नाही. चरा पडला की थेट माहितीलाच भिडतो. म्हणून ब्लू-रेचे सुरुवातीचे नमुने प्लास्टिकच्या डबीत बंद असत. टीडीकेनं कडक लेप शोधल्यावर डबी गेली. वापरून बघा, डीव्हीडीपेक्षा ब्लू-रेवर ओरखडे कमी उठतात.

खडूस ग्राहक

भौतिकशास्त्राला दंडवत. पण २५ जीबी मिळाल्यावर केलं काय? सुरुवातीच्या कित्येक ब्लू-रे एमपेग-२ या चित्र दाबून साठवायच्या जुन्या पद्धतीत, तेही एका थरावर कोंबून काढल्या. त्याच काळात एचडी डीव्हीडीवाले व्हीसी-१ ही नवी पद्धत वापरून ३० जीबीत त्याहून स्वच्छ चित्र देत होते. रिकामं कपाट मोठं आहे म्हणून त्याला चांगलं म्हणायचं का?

भिंगवाला

पहिल्या काही महिन्यांवरून आयुष्यभराचा निकाल लावू नका. दोन थरांच्या ५० जीबी डिस्क आल्या, एमपेग-२ मागे पडलं, आणि मग चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंतची वाट मोकळी होती. एचडी डीव्हीडीची मर्यादा ३० च्या आतच. लांबलचक चित्रपट, त्यावर दोन-तीन भाषांचा दर्जा न घटवलेला ध्वनी, वर पुरवण्या. ३० जीबीत कात्री लागणारच होती.

न्यू जर्सीकर

मी तेव्हा इथेच होतो आणि एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतलेल्यांपैकी एक आहे. तरीही धागाकर्त्याशी असहमत.

ती स्वस्ताई खरी नव्हती. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टनं तोशिबाचा प्लेअर ९८ डॉलरला काढला, तेव्हा आम्ही खूश होऊन रांगेत उभे राहिलो. पण त्या किमतीत दुसरी कुठली कंपनी प्लेअर बनवायला पुढे येणार? एचडी डीव्हीडीचा डोलारा जवळपास एकट्या तोशिबाच्या खांद्यावर होता. तिनं खांदा काढला की संपलं, आणि तसंच झालं. ब्लू-रेच्या बाजूला प्लेअर बनवणारे पाच-सहा तरी होते, त्यामुळे भाव हळू उतरला पण उतरत राहिला.

"स्टुडिओंच्या सोयीची" म्हणता, तर पॅरामाउंटचं काय? ऑगस्ट २००७ पर्यंत ते दोन्हीकडे डिस्क काढत होते. मग पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन अचानक फक्त एचडी डीव्हीडीचे झाले, आणि त्यांना मिळून १५ कोटी डॉलरचा मोबदला ठरल्याच्या बातम्या मोठ्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. ग्राहकाच्या सोयीची डिस्क असती तर एवढी थैली कशाला मोकळी करावी लागली असती?

खडूस ग्राहक

थैली दोन्हीकडे होती, एकीची बातमी झाली एवढंच म्हणेन. सोनीनं तर स्वतःचा स्टुडिओच आधी विकत घेऊन ठेवला होता, १९८९ मध्ये कोलंबिया. फॉक्स स्टुडिओ ब्लू-रेकडे का गेला ते आठवा. कॉपी करता येऊ नये म्हणून एएसीएसचं कुलूप दोन्ही डिस्कना होतं. ब्लू-रेनं वर बीडी प्लस नावाचं दुसरं लावलं, आणि फॉक्सला तेच हवं होतं. ग्राहकाला दुसरं कुलूप नको होतं.

निकालही लोकांनी लावला नाही. ४ जानेवारी २००८ ला, लास व्हेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन तोंडावर असताना, वॉर्नर स्टुडिओनं आपण यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. एचडी डीव्हीडीच्या प्रचार गटाला ठरलेली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्यानं देणारी नेटफ्लिक्स, मग वॉलमार्टही ब्लू-रेकडे गेली. दीड महिन्यात खेळ खलास.

कन्सोलवाला

वॉर्नरनं नाणं उडवून ठरवलं असं वाटतंय का? २००७ भर अमेरिकेत ब्लू-रे डिस्क जास्त खपत होत्या. कारण प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला आलं, आत ब्लू-रे ड्राइव्ह. म्हणजे ९९९ च्या प्लेअरपेक्षा खेळयंत्र स्वस्त! सोनी दर यंत्रामागे तोटा सोसत होती, तरी घराघरांत ड्राइव्ह पोचला. मायक्रोसॉफ्टनं काय केलं? एक्सबॉक्स ३६० ला १९९ डॉलरची वेगळी डबी. ती कोण घेतो? ज्याला आधीच एचडी डीव्हीडी हवी आहे तोच.

ज्यांनी डिस्क विकत घेतल्या ते लोकच होते की.

डीव्हीडीच बरी

तुमचं अमेरिकेतलं महाभारत चालू द्या. इकडे कुणाला काय फरक पडला? २००७ मध्ये मोझर बेअर २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकत होती. घरात ट्यूबचा टीव्ही. त्यावर १०८० ओळी दाखवायच्या तरी कशा? हरली असेल ती एचडी डीव्हीडी, पण ब्लू-रेलाही डीव्हीडीला कधी हटवता आलं नाही. आणि अमेरिकेत नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग २००७ च्या जानेवारीतच सुरू झालं होतं. हे दोघं भांडत असताना तिसरा जेवायला बसला होता.

कपाटभर डिस्क

तिसरा जेवला ते मान्य, पण त्यानं ताट स्वतःचं ठेवलंय. करार संपला की चित्रपट यादीतून गायब. माझ्या डिस्क कुणी काढून नेत नाही. अर्थात काळ नेतो: एचडी डीव्हीडी जमवणारे बरेच जण सांगतात की त्यांच्या डिस्क, विशेषतः वॉर्नरच्या, आता वाचल्या जात नाहीत. नवा प्लेअर तर मिळतच नाही. फुटकळ गोष्ट वाटेल, पण हरलेल्या फॉरमॅटमध्ये ग्राहकाच्या हातात शेवटी हे उरतं.

रीजन कोडबद्दल मात्र खडूसरावांना +१. २०१६ मध्ये फोर-के ब्लू-रे आली ती बिनारीजनची. इतकं सोपं होतं तर दहा वर्षं छळलं कशाला?

न्यू जर्सीकर

कपाटभर, म्हणूनच म्हणतो की मूळ पाप २००८ चं नाही, २००५ चं आहे. त्या वर्षी सोनी आणि तोशिबा एकच डिस्क काढायची बोलणी करत होते. ती आवरण ०.१ की ०.६ यावरच फिसकटली. त्याच्या दहा वर्षं आधी डीव्हीडीच्या वेळी हेच घडत होतं: सोनी-फिलिप्सची एक डिस्क, तोशिबा-टाइम वॉर्नरची दुसरी. आयबीएम आणि इतर संगणक कंपन्यांनी दटावलं, आणि १९९५ मध्ये सोनी झुकली. डीव्हीडीची दोन ०.६ ची पानं चिकटवलेली बनावट तोशिबाच्या गटाचीच. २००५ मध्ये झुकायची पाळी तोशिबाची होती.

खडूस ग्राहक

पाळी वगैरे काही नसतं. डीव्हीडीच्या पेटंटवर तोशिबाला पैसे मिळत होते, ब्लू-रेवर सोनीला मिळणार होते. दोघांनाही पुढच्या रॉयल्टीची काळजी, आणि २००५ मध्ये दटावणारं कुणी नव्हतं. संगणक कंपन्याच या वेळी दोन गटांत वाटल्या गेल्या होत्या: डेल, एचपी, ॲपल ब्लू-रेकडे, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल तिकडे. तेव्हा नुसत्या तोशिबाला धरू नका. तडजोड झाली असती तर ०.१ चं आवरण आणि बिनारीजनचे नियम एकाच डिस्कमध्ये मागता आले असते. भिंगवाले, अशी डिस्क चालली असती की नाही?

भिंगवाला

चाललीच असती. आवरणाचा आणि रीजनचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फक्त फॉक्स आणि डिस्नेनं तिच्यावर सही केली असती का, ते विचारा. आणि तोशिबाचं म्हणाल तर २००९ मध्ये तीही ब्लू-रेच्या संघटनेत जाऊन बसली आणि स्वतःचे प्लेअर विकू लागली. ०.१ वालेच.