ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर अपडेट आणि सेटिंग एकसारखं कसं ठेवायचं?

टॉवेल_अकाउंट्स
नमस्कार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. ऑफिसात सहा मशीन, चार विंडोज 11 प्रो आणि दोन जुन्या विंडोज 10. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर, बऱ्याच मशीनवर चालणारं गोल्ड लायसन हाय, डेटा एका डेस्कटॉपवर, तिलाच सगळे सर्व्हर म्हणतात. अडचण अशी की अपडेट ज्याच्या त्याच्या मनावर चाललंय. मागच्या महिन्यात डिस्पॅचच्या पोरानं सकाळी लवकर येऊन टॅलीचं नवीन रिलीज टाकलं, टॅलीतली कंपनी (म्हणजे आमच्या हिशोबाचा डेटा) उघडताना डेटा मायग्रेट करू का, म्हणजे नव्या रिलीजच्या पद्धतीत बदलू का, असं विचारलं तर हो म्हणला, आणि मग बाकीच्या टेबलांवर कंपनी उघडेचना. खाली गाडी भरून उभी, ड्रायव्हर दर दहा मिनिटाला वर येऊन विचारायलाय, आणि आमचं इनव्हॉइसच निघत नाही तर ई-वे बिल कुठून काढणार. शिवाय शेअर फोल्डर दोघांना दिसतो, बाकीच्यांना पासवर्ड मागतो आणि पासवर्ड तर कधी ठेवलेलाच नाही. पगारी आयटीवाला ठेवणं मालकांना परवडणार नाही. आमच्यातच कुणीतरी बघायचं म्हटलं तर सुरुवात कुठनं करू?

नवीपेठ_हार्डवेअर
ताई, आधी तारखांचं गणित बघा की, निम्मा त्रास तिथंच हाय. विंडोजचे महिन्याचे अपडेट येतात दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडं तो मंगळवार रात्री उशिरा पडतो म्हणजे मशीनवर दिसायला लागतात बुधवारी. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेच्या मधेच येतो. तुमची जीएसटीची महिन्याची रिटर्न, विक्रीचं जीएसटीआर-1 असतं 11 ला आणि कर भरायचं 3बी 20 ला, म्हणजे बरोबर फायलिंगच्या गडबडीत मशीन रिस्टार्ट मागणार. प्रो एडिशन असल्यामुळं ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) क्वालिटी अपडेट, म्हणजे हेच महिन्याचे अपडेट, पुढं ढकलता येतात, 30 दिवसांपर्यंत. तुम्ही 12 दिवस टाका, कुठल्याही महिन्यात ते 20 तारखेच्या आत येत नाहीत. पण एक मशीन अशी ठेवा जिला काहीच ढकलायचं नाही, तिच्यावर अपडेट आधी येऊ दे, तिथून प्रिंट काढा, टॅली उघडा, डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून बघा. आठवडाभर नीट चाललं तर बाकीच्यांना येईल तेव्हा काळजी नाही. ही मशीन सर्व्हरवाली नको, आणि डिस्पॅचची तर अजिबात नको.
विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं, त्यात लोकल नेटवर्कवरच्या मशीनकडून डाउनलोड चालू करून ठेवा, एकानं उतरवलेली फाइल बाकीच्यांना आतल्या आत मिळते, नेट अडून राहत नाही.

करसल्लागार_होटगीरोड
विंडोजचं वर सांगितलंयच, मी टॅलीचं सांगतो कारण तुमचं खरं नुकसान तिथं झालंय. नवीन रिलीजमध्ये मायग्रेट झालेली कंपनी जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही, टॅलीच्या 3.0 रिलीजपासून हे अनेकांना भोवलंय. त्यामुळं टॅली एकेका टेबलावर वेगळं अपडेट करायचंच नाही. शनिवारी दुपारनंतर सगळ्यांनी टॅली बंद करायचं, डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा, तो दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून एकदा उघडून बघायचा, मग सर्व्हर आणि लगेच सगळे क्लायंट, म्हणजे बाकीच्या टेबलांवरच्या मशीन, एकाच बैठकीत. अर्धे आज आणि अर्धे सोमवारी असं नको. आणि कामाच्या लॉगिनला अ‍ॅडमिनचे हक्क ठेवू नका ताई, स्टँडर्ड युजर करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडं आणि मालकांकडं. त्या पोरावर राग धरू नका, समोर हो-नाही विचारणारी खिडकी आली की माणूस हो दाबतोच, ती खिडकी त्याच्यापर्यंत जाऊ न देणं हे आपलं काम.
आमच्याकडं एक साधी वही हाय, मशीनचा नंबर, विंडोजचं व्हर्जन, टॅलीचं रिलीज, प्रिंटरचा ड्रायव्हर, कधी बदललं आणि कुणी. काही अडलं की आधी वही उघडतो.

सोलापूरी_413
एवढं कशाला, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करून टाका, आमच्या दुकानात तसंच हाय, कटकट नाही.

नवीपेठ_हार्डवेअर
भाऊ, कळकळीनं सांगतो, असं कुणाला सुचवू नका. 2017 ला वॅनाक्राय नावाचा फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला होता 12 मेला, आणि तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता. दोन महिने हातात होते. ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या, आणि तो पसरायचा फाइल शेअरिंगमधूनच, म्हणजे ताईंच्या ऑफिसात जे शेअर फोल्डर चालतं त्याच वाटेनं. दहा-बारा दिवस उशिरा टाकणं वेगळं आणि कधीच न टाकणं वेगळं.

टॉवेल_अकाउंट्स
वही आजच घातली. 12 दिवसांचं मालकांना दाखवलं, 20 तारीख ऐकल्यावर लगेच हो म्हणले. पण शेअर फोल्डरचं काय ते अजून कळेना, पासवर्ड नसताना पासवर्ड का मागायलाय?

नवीपेठ_हार्डवेअर
ज्या मशीन अडायलेत त्या विंडोज 11 च्या 24एच2 व्हर्जनवर गेल्या असणार, वहीतच बघा. त्या व्हर्जनला प्रो एडिशनमध्ये बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद केलंय आणि एसएमबी सायनिंग, म्हणजे फाइल शेअरिंगच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही तपासणं, सक्तीचं हाय. नेटवर व्हिडिओ सापडतील ते दोन्ही परत सैल कसं करायचं, ते बघू नका. सर्व्हर मशीनवर एक वेगळा युजर काढा, पासवर्ड द्या, फोल्डरला त्या युजरचे हक्क द्या, आणि प्रत्येक मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड जपायची जागा) तो एकदाच भरा. परत विचारत नाही. जोडीला राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, फिक्स करा, नाहीतर लाइट जाऊन आली की नंबर बदलतो आणि टॅलीचा डेटा पाथ, प्रिंटर सगळंच परत शोधत बसावं लागतं.
त्या दोन विंडोज 10 वाल्यांचं पण बघायला लागेल. 14 ऑक्टोबर 2025 ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपलाय. टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर असेल तर 11 वर जाईल. नसेल तर बँकेचं आणि जीएसटीचं काम त्या मशीनवरून आधी हलवा. मॉडेल नंबर इथं टाका, बघून सांगतो.