गरोदर बाईला झटके आले, तर चूक एकट्या तिचीच?

विडी घरकुलवाला, कुंभारी:
सोलापूरजवळच्या आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत माझ्या वहिनीला आठव्या महिन्यात झटके आले. आठवडाभर पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी. तरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतच होती, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दवाखान्यात पहिला प्रश्न, "इतके दिवस झोपला होतात का?" दोघं वाचले, पण तो प्रश्न अजून सलतो. मे महिन्यात रात्रीपर्यंत तापलेला स्लॅब, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, ते भरायला पोट सांभाळत चाललेली धावपळ, हे कुणी केसपेपरवर लिहीत नाही.

बाळंतवॉर्डातली सिस्टर:
तसं बोलायला नको होतं. पण झटक्यांचं मूळ वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवात असतं, आणि ते बंगल्यातल्या बाईलाही चुकत नाहीत. पहिलटकरीण, जुळं, आधीपासूनचं बीपी, यांना धोका जास्त. तंबाखू नि मिश्रीने बाळाचं वजन घटतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होतं, हे खरं. झटक्यांचं खापर मात्र तंबाखूवर फोडू नका. वीस आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर गेलं, लघवीत प्रोटीन आलं, की धोका. दंडाला बीपीचा पट्टा बांधल्याशिवाय नि लघवी तपासल्याशिवाय हे कळत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. ती चुकवलेल्या बाईसाठी मग आम्हाला झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट घेऊन धावावं लागतं.

साखर पेठेतून एक जण:
सिस्टरांशी सहमत. परिस्थितीच कारण म्हटलं की घरचे हात झटकतात. माझ्या बहिणीच्या सासरी हेच झालं.

विडी घरकुलवाला, कुंभारी:
9 तारखेला गेलं की अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात. पगारी बाळंतरजा 2017 पासून 26 आठवडे झाली, वहिनीच्या हातात एक दिवस पडला नाही. आणि खाण्याचं काय? आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे गरोदर बाईला रोज 1.5 ते 2 ग्रॅम द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आमच्याकडे दूध चहापुरतं येतं. वार बिघडते हे मान्य, पण बीपी वाढलेलं वेळेत कळत नाही ते मजुरीपायी.

बाळंतवॉर्डातली सिस्टर:
कॅल्शियमचं बरोबर आहे. गोळ्या मोफत मिळतात, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका. पुढच्या खेपेला वहिनींना तिसरा महिना संपायच्या आत आणा. डॉक्टर तेव्हापासून कमी डोसचं ॲस्पिरिन सुरू करू शकतात, त्याने धोका कमी होतो.

विडी घरकुलवाला, कुंभारी:
आणतो. पण सिस्टर, महिन्यातून एकदा संध्याकाळी घरकुलात येऊन पट्टा बांधता येईल का? सूप बाजूला ठेवून सगळ्या येतील.